आपल्या विनंतीनुसार

१

‘आपल्या विनंतीनुसार आपले अपील मागे घेण्यात आले आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.’

फॉर्मबाईंनी मोबाईलवरचा तो मेसेज दोनदा वाचला, चष्मा काढून पदराला पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. मजकूर तोच राहिला. विनंती कुणी केली होती, सहकार्य कुणी केलं होतं आणि हे धन्यवाद नेमके कुणाला, याचा मात्र त्यात पत्ता नव्हता.

“पुन्हा?” त्यांनी विचारलं.

समोरच्या खुर्चीतल्या बाईने नुसती मान हलवली. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. बोटांवर कसल्याशा रसायनाचे पिवळे डाग होते आणि डोळे रडून नव्हे, रागाने लाल झाले होते. आठवड्यात दुसऱ्यांदा तिचं अपील असं परस्पर गायब झालं होतं.

फॉर्मबाई म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या तळमजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून देणाऱ्या बाई. शाळेच्या ऑफिसात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झाल्या आणि घरी बसवेना म्हणून इथे आल्या. सरकारी वेबसाइट नावाच्या प्रकाराशी त्यांचं उभं वैर होतं. ती वेबसाइट माणसांचा छळ करायलाच बनवली आहे, आणि बनवणारा कुठेतरी बसून खुदुखुदु हसतो आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून त्या प्रत्येक फॉर्मची नोंद आपल्या जाडजूड वहीत करत: कुणाचा, कशाचा, कोणत्या वारी, किती वाजून किती मिनिटांनी दाखल झाला. उद्या कुणी अंगावर आलं तर हाताशी कागद हवा.

प्रकरण साधं होतं, म्हणजे माणसांच्या जगात साधं होतं. या बाईची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय गेला. तेव्हापासून सरकारतर्फे रोज सकाळी चार तास एक मदतनीस घरी येत होती. अंघोळ, कपडे, जेवण, व्यायाम सगळं ती करायची. गेल्या महिन्यात फेरतपासणी झाली, तीही फोनवर, आणि ऑपरेटरबाईंनी जन्मभराच्या सवयीने खणखणीत आवाजात उत्तरं दिली. स्वतः जेवता? हो. स्वतः कपडे घालता? हो, जमतं. निर्णयात साहेबांनी लिहिलं, ‘अर्जदार दूरध्वनीवर स्पष्ट, तत्पर व उत्साही आढळल्या. सेवेची आवश्यकता दिसत नाही.’ अपिलाची मुदत संपली की मदतनीस बंद.

अपील करायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. आज मंगळवार. अपील बुडालं तर मदतनीस जाणार, आणि आईची रवानगी निवासी केंद्रात करण्यावाचून इलाज उरणार नव्हता. लेकीची शाळा सुटत नव्हती, मुलाची कारखान्यातली पाळी सुटत नव्हती.

“हे माझ्या भावाचं काम आहे,” लेक म्हणाली. “त्याला आईला केंद्रात टाकायचंय. माहितीपत्रकसुद्धा आणून ठेवलंय घरात.”

 फॉर्मबाईंनी तिसऱ्यांदा तेच अपील भरायला घेतलं. निर्णयाचा क्रमांक, आईचं संमतीपत्र, संपर्कासाठी लेकीचा मोबाईल. ‘मी सर्व अटी व शर्ती वाचल्या आहेत’ या ओळीपुढे नेहमीसारखी खूण केली. ‘दाखल करा’ या निळ्या चौकोनावर बोट जाणार, एवढ्यात पडदा पांढरा झाला.

‘आपले सत्र संपले आहे. कृपया उद्या प्रयत्न करा.’

फॉर्मबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी वेबसाइटला असं काही सुनावलं की वर्तमानपत्र वाचणारे दोन आजोबा उठून पलीकडच्या दालनात गेले. त्या पांढऱ्या पडद्याचे उपकार किती मोठे होते, ते कळायला अजून दोन दिवस होते.

२

बुधवारी सकाळी फॉर्मबाईंनी हेल्पलाईनला फोन लावला. त्याआधी चहा करून घेतला, कारण अनुभव होता. सनईसारखं काहीतरी पन्नास मिनिटं वाजत राहिलं. मधूनमधून एक गोड आवाज सांगत होता की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. चहा संपला, कप धुऊन झाला, तेव्हा एक माणूस फोनवर आला.

त्याने पाहिलं आणि सांगितलं की अपील अर्जदारानेच मागे घेतलं आहे. फॉर्मबाई म्हणाल्या, अर्जदाराला उजवा हात नाही, ती कशाने मागे घेईल? तो म्हणाला, ते सिस्टिममध्ये दिसत नाही. मग काय दिसतं? तर वेळ दिसते. पहिलं अपील गेल्या बुधवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मागे घेतलं गेलं. दुसरं काल, मंगळवारी, सकाळी दहा सतराला. आणखी काही विचारायच्या आत फोन कट झाला आणि मेसेज आला, की आमच्या सेवेबद्दल आपलं मत कळवा. फॉर्मबाईंनी मत कळवलं नाही. ते कळवण्यासारखं नव्हतं.

पण वेळा हाती लागल्या होत्या. दोन्ही सकाळी दहाच्या सुमाराच्या. लेक त्या वेळी शाळेत असते. त्या घरात सकाळी दहाला असतात तीनच माणसं: आई, मदतनीस आणि मुलगा. मुलाची पाळी दुपारची, म्हणून तो रोज नऊ ते अकरा आईपाशी येतो. लेक येते संध्याकाळी सहाला. बहीणभाऊ एकमेकांना दिसायला नकोत, अशा बेताने ते वेळापत्रक बसवलेलं होतं.

दोघांत विस्तवही जात नव्हता. वडील गेले त्या दिवशी बहिणीने भावाला अकरा वेळा फोन केला होता. तो गाडीखाली पडून इंजिन खोलत होता, फोन कपाटात होता. तो पोहोचला तेव्हा सगळं संपलेलं. बहिणीने दारातच, चार लोकांदेखत, त्याला जे ऐकवायचं ते ऐकवलं. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून एक शब्द नाही.

म्हणजे भाऊच, असं कुणीही म्हटलं असतं. फॉर्मबाईही म्हणाल्या असत्या. पण शाळेच्या ऑफिसात बत्तीस वर्षं कॉपी पकडण्यात गेलेली बाई इतक्या सरळ उत्तरावर विश्वास ठेवत नाही. त्यांनी पर्स उचलली आणि घर बघायला निघाल्या.

३

घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. जिन्याला कठडा होता, तो उजव्या बाजूला. म्हणजे ऑपरेटरबाईंच्या काही कामाचा नव्हता. दार मदतनिसीने उघडलं. चाळिशीची, ठेंगणी, हातात ओला टॉवेल.

स्वयंपाकघरातच फॉर्मबाईंनी तिला गाठलं. ती आधी गुळमुळीत बोलली आणि मग बोलायची थांबेना. एजन्सीने तिला दुसरं घर तयार ठेवलं होतं, जवळचं आणि सोपं. पण तिला जायचं नव्हतं. आजींचा पाय आता कुठे हलायला लागला होता. “मी गेले तर चार दिवसांत पुन्हा लाकूड होईल त्याचं,” ती म्हणाली, आणि टॉवेल जरुरीपेक्षा जोरात पिळला. मोबाईलला तिने हात लावला नव्हता. तिला त्यातलं काही कळतही नव्हतं. मग आवाज उतरवून तिने सांगितलं, “दादा मात्र कागदांचे फोटो काढून नेतात. मी विचारलं तर म्हणाले, तू तुझं काम बघ.”

फॉर्मबाईंनी हे मनात टिपून ठेवलं.

आतल्या खोलीत ऑपरेटरबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. केस चापून बसवलेले, साडी नीटनेटकी, उजवा हात उशीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतला आहे. टेबलावर एक वही होती. मुलगा सकाळी लिहायचा, ‘गोळी दिली. नाश्ता झाला.’ संध्याकाळी लेक लिहायची, ‘तेल लावलं. झोप नीट नाही.’ तीन वर्षांत बहीणभावांचा एवढाच पत्रव्यवहार.

“मावशी, संमतीपत्रावर सही तुम्हीच करता ना?” फॉर्मबाईंनी विचारलं.

“हो. डाव्या हाताने.” आवाज खरोखरच खणखणीत होता. फोनवर ऐकणाऱ्याला वाटलं असतं, ही बाई आत्ता जिना उतरून भाजी आणायला जाईल.

“कशावर धरून?”

ऑपरेटरबाईंनी वहीकडे पाहिलं. फॉर्मबाईंनी ती उलटी केली. पाठचा पुठ्ठा जाड आणि मऊ होता, आणि सवय नसलेला डावा हात पेन रुतवून लिहितो. पुठ्ठा उजेडात तिरका धरला तशा सह्या उमटलेल्या दिसल्या. एकाखाली एक. फॉर्मबाईंनी त्यांवरून बोट फिरवून मोजल्या.

चार होत्या.

लेकीने संमतीपत्रं नेली होती दोन. प्रत्येक अपिलाला एक. काल तिसऱ्यांदा भरताना दुसऱ्याच पत्राचा फोटो पुन्हा जोडला होता.

“मावशी, उरलेल्या दोन सह्या कुणी घेतल्या?”

ऑपरेटरबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग अगदी सौजन्याने, एक्स्चेंजवरून बोलावं तसं, त्या म्हणाल्या, “चहा घेणार का तुम्ही?”

पुढे अर्धा तास फॉर्मबाईंनी आडून विचारलं, उभं विचारलं, विनवलं, थोडं दटावलंही. बाईंनी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. निघताना दारात फॉर्मबाईंचं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं. त्यात लबाडी नव्हती. ज्याला सगळं ठाऊक आहे आणि सांगायची मुभा नाही, अशा माणसाची तगमग होती.

४

बस दुरुस्तीच्या कारखान्यात गुरुवारी दुपारी फॉर्मबाईंना कुणीच आत सोडेना. त्यांनी वही उघडून फाटकावरच्या माणसाची नोंद करायला घेतली, वार आणि वेळेसकट. त्यानंतर मुलाला बाहेर बोलावण्यात आलं.

उंच, वाकलेला, कोपरापर्यंत काळ्या ग्रीसने माखलेला माणूस. फॉर्मबाईंनी आपण कोण ते सांगितल्यावर त्याने बाकावर बसायची तसदीही घेतली नाही.

“तिने पाठवलंय ना तुम्हाला? आता काय उरलंय तिचं?”

फॉर्मबाईंनी सरळच विचारलं. गेल्या बुधवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आणि परवा मंगळवारी दहा सतराला तो मोबाईलवर काय करत होता? तो म्हणाला की तो आईचं अपील भरत होता. दुसरं काय करणार?

“तुम्ही अपील भरलंत?”

“दोनदा. आधी बुधवारी. ते कुणीतरी मागे घेतलं. मग मंगळवारी परत.” कुणीतरी या शब्दावर त्याने असा जोर दिला की नाव घ्यायची गरज राहिली नाही. “आईला केंद्रात टाकायचा तिचा विचार आहे, दुसरं काय.”

“माहितीपत्रक तर तुम्ही आणलंत.”

“हरलोच तर कुठेतरी न्यावं लागेल ना तिला? आधी बघून ठेवायला नको?” तो पहिल्यांदाच खाली बसला. “आई तिथे चार दिवस काढणार नाही. खिडकीशिवाय ती जगणार नाही.”

ग्रीस लागू नये म्हणून त्याने करंगळीने मोबाईल उघडला आणि फॉर्मबाईंपुढे धरला. तोच मेसेज. ‘आपल्या विनंतीनुसार आपले अपील मागे घेण्यात आले आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.’ वर वेळ होती: मागच्या गुरुवारी, दुपारी चार पंचवीस.

“बघा. मी तेव्हा इथे पाळीवर होतो. कुणी केलं हे?”

फॉर्मबाईंना ती वेळ कुठेतरी वाचल्यासारखी वाटली. त्यांनी वही काढली आणि मागच्या गुरुवारचं पान उघडलं. त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘ऑपरेटरबाई, अपील, दुसऱ्यांदा. दाखल. ४ वाजून २५ मि.’

फॉर्मबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मुलाचं अपील ज्या मिनिटाला मेलं, त्याच मिनिटाला, वाचनालयाच्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, त्यांनी स्वतः ‘दाखल करा’वर बोट ठेवलं होतं.

५

वाचनालयात परत येऊन त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. ‘अटी व शर्ती’ उघडल्या आणि वाचल्या.

चौदा पानं होती. रोज दहा माणसांना ‘वाचल्याशिवाय खूण करू नका’ म्हणून झापणाऱ्या फॉर्मबाईंनी स्वतः त्यातलं एकही पान कधी पाहिलं नव्हतं. अकराव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, ते सापडलं. त्याच निर्णयाविरुद्ध नवं अपील दाखल होताच आधीचं अपील अर्जदाराच्या विनंतीनुसार मागे घेतलं आहे, असं समजण्यात येईल. अपील कुठल्याही प्रतिनिधीने, कुठल्याही मोबाईलवरून केलेलं असो.

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. सोमवारी लेकीने पहिलं अपील केलं. बुधवारी मुलाने केलं, त्याने लेकीचं मारलं. गुरुवारी फॉर्मबाईंनी लेकीचं पुन्हा भरलं, त्याने मुलाचं मारलं. मंगळवारी मुलाने परत भरलं, त्याने पुन्हा लेकीचं. चार अपिलं, चार सह्या. कुणी काही मागे घेतलं नव्हतं. दोघं जण आईला वाचवायला धावत होते आणि धावताना आळीपाळीने एकमेकांना पाडत होते.

त्याच्या खालची ओळ वाचून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. एका निर्णयाविरुद्ध चारच अपिलांची मुभा होती. पाचवं दाखल झालं तर सगळी रद्द होऊन मूळ निर्णय कायम. परवा त्यांचं बोट ज्या निळ्या चौकोनावर जाणार होतं, ते पाचवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या वेबसाइटने काहीतरी चांगलं केलं होतं, तेही बंद पडून.

तर आता मुलाचं चौथं अपील जिवंत होतं. पण त्यात होतं काय? मुलाने संमतीपत्र आणि स्वतःचं एक पत्र जोडलं होतं. व्यायाम घेणाऱ्या तज्ज्ञाचा अहवाल, ज्यात उजव्या हाताची ताकद शून्य असं स्वच्छ लिहिलं होतं, तो लेकीच्या फाईलमध्ये होता. तो नसेल तर साहेब ‘पुराव्याअभावी’ असं लिहून मोकळे होणार. शुक्रवारी पाचपर्यंत तो जोडता येत होता, पण त्यासाठी मुलाच्या मोबाईलवर येणारा सहा आकडी कोड लागणार होता.

म्हणजे कागद बहिणीकडे आणि किल्ली भावाकडे.

फॉर्मबाईंना वाटलं, सुटलं कोडं. त्यांनी दोघांना वेगवेगळे फोन करून सगळं समजावून सांगितलं. बहीण म्हणाली की हे सगळं त्याने बाईंना पढवलं असणार. फाईल ती त्याच्या अपिलासाठी मुळीच देणार नाही. भावाने ऐकून घेतलं आणि म्हणाला की कोड कुणालाही सांगू नका असं मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, आणि तिला तर नाहीच नाही. फॉर्मबाईंनी पुन्हा बहिणीला फोन केला, पुन्हा भावाला. शेवटी त्यांनी हात टेकले. वेबसाइट परवडली, ती निदान मधूनमधून बंद तरी पडते.

एकच प्रश्न उरला होता, आणि तोच खरा होता. दोघांनीही सह्या एकाच माणसाकडून घेतल्या होत्या. त्या माणसाने एका शब्दाने हे सगळं का थांबवलं नाही?

६

शुक्रवारी सकाळी, मुलगा जाऊन लेक यायच्या मधल्या वेळात, त्या पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेल्या. यावेळी चहा घेतला.

“मावशी, एक्स्चेंजमध्ये किती वर्षं होतात?”

“एकतीस.”

“लोकांचं बोलणं कानावर पडत असेल.”

“पडायचंच.” ऑपरेटरबाई ताठ बसल्या. “लग्नं ठरायची, मोडायची. नवरा गावात असून परगावी आहे असं सांगायचा. बायको पुढच्याच मिनिटाला माझ्याच बोर्डावर यायची. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी शपथ घातली होती. एका लाईनवरचं दुसऱ्या लाईनवर न्यायचं नाही. एकतीस वर्षांत एकदाही नेलं नाही मी.”

 मदतनिसीने आत डोकावून पाहिलं आणि मागे सरली.

“दोघांनी सांगितलं होतं ना, दुसऱ्याला सांगू नकोस म्हणून?” फॉर्मबाईंनी हलकेच विचारलं.

 ऑपरेटरबाईंचा डावा हात उजव्या हातावर येऊन बसला. त्यांना वाटलं होतं, दोन अपिलं म्हणजे दुप्पट जोर. मेसेज यायला लागले आणि दोघं आपापल्या वेळी येऊन एकमेकांच्या नावाने बोटं मोडायला लागले, तेव्हा काहीतरी भलतंच झालंय हे त्यांना कळलं. तोवर त्या दोन शब्दांच्या मध्ये अडकल्या होत्या. एकाला सांगावं तर दुसऱ्याला दिलेला शब्द मोडणार, आणि दोघांच्यात ही एकच जागा उरली होती जिथे दोघंही विश्वासाने बोलत होते. ती गेली तर काहीच उरणार नव्हतं.

हे सगळं त्यांनी सांगितलं नाही. फॉर्मबाईंनी ते त्या हातावरून वाचलं, आणि त्यांचा दोन आठवड्यांचा राग कुठेतरी विरून गेला.

“मावशी, तुम्ही कुणाचं कुणाला सांगू नका,” त्या म्हणाल्या. “पण मला एक सांगा. निरोप नेणं हे ऑपरेटरचं कामच नव्हतं ना कधी?”

“नाही.”

“मग काम काय होतं?”

ऑपरेटरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.  मग म्हणाल्या, “किती वाजता?”

७

साडेचारला लेक वाचनालयात आली, हातात फाईल घट्ट धरून. आपण फाईल परत घेऊन जाणार आहोत, हे तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. फॉर्मबाई ‘बरं’ म्हणाल्या आणि मुलाच्या अपिलाचं पान उघडून बसल्या.

चार पस्तीसला लेकीचा मोबाईल वाजला. आईचा फोन. तिने घाबरून उचलला, फॉर्मबाईंनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“आई, काय झालं?”

“थांब जरा.” मग टक् असा आवाज. पाठोपाठ यंत्रांची घरघर, लोखंडावर हातोडा, आणि पुरुषाचा आवाज, “हॅलो? आई?”

“बोला,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “लाईन जोडली आहे.”

 फॉर्मबाईंनी ‘कोड पाठवा’ दाबलं. पडद्यावर दोन मिनिटांचं घड्याळ उलटं पळायला लागलं. कारखान्यात हातोडा पडत राहिला, लेक टेबलाच्या कडेकडे बघत राहिली, आणि दोन मिनिटं तशीच गेली. ‘कोडची मुदत संपली आहे.’ फॉर्मबाईंच्या जिभेवर चांगली ठसठशीत शिवी आली होती, ती त्यांनी गिळली. पुन्हा दाबलं. घड्याळ पुन्हा पळायला लागलं.

एक मिनिट दहा सेकंद उरले असताना मुलाने घसा खाकरला.

“चार,” तो म्हणाला.

लहानपणी त्या घरात नंबर सांगायची एक रीत होती. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा, मगच पुढचा. आईने दोघांना पाढ्यांच्या आधी ते शिकवलं होतं.

लेकीचे ओठ आपोआप हलले. “चार.”

“शून्य.”

“शून्य.”

“नऊ.”

“नऊ.” आवाज फाटला. फॉर्मबाई टंकत होत्या आणि मुद्दाम पडद्याकडेच बघत होत्या.

“दोन. दोन.”

“एकेक सांग.”

“दोन.”

“दोन.”

“दोन.”

“दोन.”

“सात.”

“सात.” लेकीने फाईल उघडली आणि अहवाल काढून फॉर्मबाईंपुढे सरकवला. स्कॅनरने तो गिळला, विचार केला, परत विचार केला, आणि चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पडद्यावर ओळ आली: ‘पुरावा स्वीकारला.’ फॉर्मबाईंनी वार आणि वेळ वहीत लिहिली.

टेबलावरच्या मोबाईलमधून पुन्हा टक् असा आवाज आला. ऑपरेटरबाईंनी आपला फोन ठेवला होता. माणसं बोलायला लागली की ऑपरेटर लाईनवर थांबत नाही. त्या दोघांची लाईन मात्र चालूच होती. हातोडा ऐकू येत होता. लेकीने स्पीकर बंद केला, मोबाईल कानाला लावला आणि उठून पुस्तकांच्या कपाटांमागे गेली.

सहा आठवड्यांनी लेक फॉर्मबाईंकडे शाळेचा कसलासा फॉर्म घेऊन बसली होती. वेबसाइट बंद होती, सत्र संपलेलं होतं, फॉर्मबाई दात खात होत्या. लेकीचा मोबाईल वाजला. मुलाकडे निकालाचा मेसेज आला होता. मदतनीस पुन्हा चार तास, आणखी दोन वर्षं. त्याने पहिला फोन बहिणीला केला होता.

तिने पहिल्याच घंटीला उचलला.